वारा पडला की

रत्नागिरीत वाऱ्याचं कौतुक फारसं कोणी करत नाही. मोहोराच्या दिवसांत जोरात सुटला की बागवाल्यांच्या पोटात गोळा येतो, आणि पडला की अख्खं गाव घामाने चिंब होऊन त्याच्या नावाने बोटं मोडतं. हा पडत आलेला वारा मला मात्र हवासा वाटतो, कारण माझी घार त्याच्यावरच उडते.

घार म्हणजे पतंगच, पण संक्रांतीचा नव्हे. पंख पसरले की सव्वा मीटर आणि वजन एका अंड्याहून कमी. कापड रिपस्टॉप नावाचं, बारीक चौकटींच्या विणीचं. त्यातला दर काही धाग्यांनंतरचा धागा जाड असतो, म्हणून टाचणीएवढं भोक पडलं तरी ते टरकन फाटत जात नाही. पंखांच्या पुढच्या कडेत कार्बनच्या बारीक काड्या ओवलेल्या. मागची कड मोकळी. हातात धरून तिच्या जवळ नुसतं बोललं तरी ती कड थरथरते.

सगळी गंमत या हलकेपणात आहे. वाऱ्यावर काड्या वाकतात आणि पंखांची टोकं वर उचलली जातात. मग घार एका बाजूला कलली, की खाली गेलेल्या पंखाला वारा जास्त उचल देतो आणि ती आपसूक सरळ होते. तिला कागदी शेपटी लागत नाही. जोराच्या वाऱ्यात मात्र याच काड्या जास्त वाकतात, पंख मिटल्यासारखे होतात आणि ती फडफडत गोते खाते. मार्च-एप्रिलच्या भर दुपारी तिला बाहेर काढायचं नाही हे ठरलेलंच.

हा छंद कोकणात करायचा म्हणजे खारे वारे आणि मतलई वारे यांचं शाळेतलं प्रकरण पुन्हा उघडायचं. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारा वारा आत येतो. रात्री उलट. शिडाच्या होड्या होत्या तेव्हा पहाटेच्या मतलईवर त्या बाहेर पडायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या. मला या दोन्हींच्या मधली फट लागते. ऊन उतरलं, जमीन निवायला लागली आणि खारा वारा दमला, की दिवेलागणीआधीचा तो तासभर. सकाळीही अशी फट मिळते, पण मतलई शहरावरून, टेकड्यांवरून, माडांवरून अडखळत येतो. त्याच्यात खड्डे असतात. संध्याकाळचा वारा सपाट पाण्यावरून येतो, जोर कमी असला तरी सलग.

म्हणून मी भाट्याला जाते. काजळी नदीच्या मुखाला लागून लांबलचक किनारा आणि मागे सुरूचं बन. बनाच्या आडोशाला उभं राहिलं तर वारा गिरक्या घेतो, म्हणून पार पुढे ओल्या वाळूपर्यंत यायचं. खाडीच्या तोंडाकडे थंडीत कुरवांचे थवे बसलेले असतात. त्या बाजूला मी फिरकत नाही. शिकारी पक्ष्याची आकृती डोक्यावर आली की त्यांना उडावंच लागतं, आणि इतक्या लांबून आलेल्या पाहुण्यांना माझ्या करमणुकीसाठी उठवणं काही बरं नव्हे.

वारा किती आहे हे मी सुरूला विचारते. १८०५ मध्ये ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने वाऱ्याची जी पट्टी बसवली, तिच्यात पहिला आकडा ताशी १ ते ५ किलोमीटरचा, म्हणजे धूर कलतो एवढंच. दुसरा ६ ते ११ चा, चेहऱ्याला वारा कळतो आणि पानं सळसळतात. घारीचा संसार या दोन आकड्यांत. सुरूच्या सुया अगदी कमी वाऱ्यातही सूर धरतात. माडाच्या झावळ्यांवर मात्र विसंबू नये. त्या उंचावर असतात, आणि उंचावर वारा नेहमीच जास्त. तिथे झावळ्या डोलत असतात नि खाली वाळूवर उदबत्तीचा धूर सरळ जाईल अशी स्थिती.

पहिले वीस-पंचवीस फूट त्यामुळेच अवघड. घार वाळूवर ठेवायची, दोरा सोडत वाऱ्याच्या तोंडाशी बरंच लांब जायचं आणि मग हातावर हात टाकत खेचायचं. आपल्या खेचण्यानेच तिला नसलेला वारा मिळतो. ती चढते. वरच्या थरात पोचली की हात थांबवायचा, आणि आता खरी मौज. ढील दिली की साधा पतंग मागे वाहून जातो; ही नाक खाली करून पुढे तरंगत येते, चक्क वाऱ्याच्या तोंडावर. दोरा सैल पडून झोळ खातो आणि ती तुमच्या डोक्यावरून समुद्राकडे निघते. त्या घटकेला दोऱ्यावर कसलाच ताण नसतो. मग हलकासा खेच, की ती वळते आणि पुन्हा चढते. काटाकाटीत हात तापलेला असतो. इथे बोटांच्या टोकांनी काम.

दोरा साधा सुती, बारीक. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, पण बंदी नसती तरी काच लावलेलं काही मी किनाऱ्यावर आणलं नसतं. सुती दोऱ्याची खोड एकच. खारी दमट हवा पिऊन तो जड होतो, आणि एवढ्या हलक्या घारीला दोऱ्याचं ओझंही कळतं. तासाभराने ती खाली खाली यायला लागते, ती यामुळेच.

भेळवाला गाडी आवरताना हमखास विचारतो, "काकू, वारा पडला, आता काय उडवताव?" त्याला मी एकदा सांगितलं की सरकारदरबारी हे विमान आहे. खोटं नाही ते. १९३४ च्या विमान कायद्याने विमानाच्या व्याख्येत फुगे आणि ग्लायडर यांच्याबरोबर पतंगही घातला होता. तो म्हणाला, मग तिकीट किती?

त्याच्याकडे भेळ खायला येणाऱ्या रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना, दुसरी गोष्ट जास्त आवडली. सॉलोमन बेटांवर पानाच्या पतंगाने मासे धरतात. होडीतून पतंग सोडायचा, त्याच्या खालच्या दोरीला कोळ्याच्या जाळ्याचा गोळा बांधायचा आणि तो पाण्यावर नाचवायचा. आपल्याकडच्या टोळ माशासारखा लांब चोचीचा मासा त्याला तोंड घालतो आणि त्याचे बारीक दात त्या चिकट धाग्यांत अडकतात. गळ लागतच नाही. होडीची सावली लांब राहते म्हणून मासा बुजतही नाही. गोष्ट ऐकून एकजण बराच वेळ माझ्या घारीकडे बघत होता. तिच्याने बोंबीलसुद्धा उचलणार नाही हे मी आधीच सांगून टाकलं.

खऱ्या घारी तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. कावळे मात्र पिच्छा सोडत नाहीत. दोघे-तिघे येतात, वरून सूर मारतात, टोच मारण्याआधी वळतात आणि सुरूवर बसून शिव्या घालतात. शेजारच्या वहिनींनी हे पाहिलं आणि मे महिन्यात मागणं आलं, "पोह्याचे पापड घातलेत गच्चीवर, ती घार जरा लावून ठेवता का?" लावली, काठीला टांगून. शेतात पाखरं हाकायला असे घारीचे पतंग वापरतातच. पहिल्या दिवशी कावळा फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी एक जण अंदाज घेऊन थेट डाव्या पंखावर बसला आणि काडी मोडली.

कार्बनची काडी रत्नागिरीत कुठे शोधायची? वहिनींच्या सासऱ्यांनी माडाचं पात सोललं, जून हीर निवडला, सुरीने तासून बारीक केला आणि पंखात ओवून दिला. हीर कार्बनपेक्षा जरा जड, पण वाकून पुन्हा सरळ होतो. घार डावीकडे ओढायला लागली, म्हणून उजव्या पंखाच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावलाय. पापडांवर आता जुनी मच्छरदाणी असते.