कुणाच्या होडीत बसायचं

रविवार रात्र, ह्यूस्टन

बॅगा भरून झाल्या. मास्क तेवढे हातातल्या पिशवीत घेतले. स्कूबा डायव्हिंगचं बाकीचं सामान कोझुमेलला, मेक्सिकोच्या त्या बेटावर, भाड्यानं मिळतं, पण मास्क ज्याच्या त्याच्या चेहऱ्याला बसलेलाच हवा. लेक आत झोपली आहे. सोळा पूर्ण झाली तिला. गेल्या सप्टेंबरात टेक्सासमधल्या एका तळ्यात तिनं ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा पहिला, कोर्स केला. आजवर तिच्या नावावर चार डाइव्ह, त्याही गढूळ पाण्यात, हात लांब केला की बोटं दिसेनाशी होणाऱ्या. समुद्रात ती अजून उतरलेली नाही.

आणि मी अजून कुणाकडेच बुकिंग केलेलं नाही. नवरा म्हणतो, "अगं, बेटावर पावलोपावली दुकानं आहेत, कुणीही नेईल." तो स्वतः स्नॉर्कलिंगच्या पुढे जात नाही. नेईल कुणीही, हे मला चांगलंच ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी मलाही नेलंच होतं.

ते आज इथे लिहून ठेवते, कारण लेकीला मी ते पुरतं कधी सांगितलेलं नाही. तेव्हाही कोझुमेलच. मोठी बोट, चौदा डायव्हर आणि एकच गाइड. त्यानं कोर्स केल्याचं कार्ड पाहिलं, पैसे घेतले आणि सांता रोसाच्या भिंतीवर आम्हांला पाण्यात सोडलं. तिथल्या पाण्याला ओढ असते. बेटाच्या पश्चिम अंगानं पाणी बहुतेक वेळा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतं, आणि हातपाय न हलवता तुम्ही प्रवाळाच्या भिंतीवरून पुढे पुढे जात राहता. म्हणून होडी नांगर टाकत नाही, वरून बुडबुड्यांच्या मागोमाग येते. सगळे एकत्र असेपर्यंत याच्यासारखं सुख नाही. माझी हवा सगळ्यांच्या आधी संपत आली. मी गाइडला हवेचा काटा दाखवला. त्यानं अंगठा वर केला, म्हणजे वर जा, आणि बाकीच्यांना घेऊन तो पुढे निघून गेला. मी एकटीच वर आले. होडी त्या तेरा जणांच्या मागे गेलेली. माझ्याजवळ ना बोया, म्हणजे होडीला दिसावा असा तरंगता फुगा, ना शिट्टी. वीस मिनिटं लाटांवर होते. शेवटी दुसऱ्याच एका होडीच्या तांडेलानं मला हात देऊन वर ओढलं.

उद्या दुपारी पोचलो की दुकानं स्वतः फिरणार. लेकीलाही बरोबर नेणार.

सोमवार रात्र, सान मिगेल, कोझुमेल

तीन दुकानं झाली. पाय दुखताहेत, पण जीव शांत आहे.

पहिलं दुकान समुद्रासमोरच, मोठ्या पाट्यांचं. सकाळी आठ वाजता, पहिली डाइव्ह पालांकारला, दुसरी जागा मग ठरेल. एका गाइडमागे किती जण, असं विचारलं तर "दहा, कधी बारा." मुलीचं कार्ड 18 मीटरपर्यंतचंच आहे म्हटल्यावर मुलगा हसून म्हणाला, ती आमच्यापेक्षा थोडी वर राहील. वाईट नव्हता तो बोलायला. पण पालांकारला किंवा सांता रोसाला भिंत थेट काळोखात उतरते, पायाखाली तळ नाही. नवं माणूस तरंगायच्या जॅकेटमधली हवा थोडी जास्त सोडतं आणि कळायच्या आत 30 मीटरवर जातं. एक माणूस बारा जणांना सांभाळत असेल तर त्याला ते दिसणार कधी?

दुसरं दुकान तिन्हींत स्वस्त. मालक प्रेमळ, आम्हांला पाणी वगैरे दिलं. मागच्या अंगणात सिलिंडर भरत होते म्हणून मी डोकावले. कॉम्प्रेसरची हवा खेचणारी नळी जमिनीलगत, गल्लीच्या बाजूला तोंड करून होती, आणि तिथेच दोन स्कूटर चालू ठेवून मुलं गप्पा मारत होती. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि 20 मीटर खाली दाब तिप्पट होतो, तेव्हा हवेतल्या थोडक्या विषाचा परिणामही तितकाच वाढतो. मी आभार मानून निघाले. नवरा बाहेर म्हणाला, "निम्म्या पैशात होत होतं." मी त्याला ती नळी दाखवली. तो काही बोलला नाही, पुढच्या दुकानाचा पत्ता शोधायला लागला.

तिसरं दुकान आतल्या गल्लीत, लहानसं, निओप्रिनच्या सूटांच्या ओल्या वासानं भरलेलं. गल्ल्यावर साठीच्या आसपासची बाई. मागे पांढरा फळा, त्यावर उद्याच्या होड्या, प्रत्येक होडीखाली सहा नावं आणि नावापुढे एकेक आकडा. माझं नाव लिहून घेतल्यावर तिनं खुर्ची वळवली आणि पुढचं सगळं माझ्या लेकीला विचारलं. किती डाइव्ह झाल्या? शेवटची कधी? कोणता सूट होता, किती किलो वजन लावलं होतं? कान उघडतात का खाली जाताना, की एक कान अडतो? ॲलर्जीची गोळी घेतेस का? लेक आधी माझ्याकडे बघत होती, मग सरळ बसून उत्तरं द्यायला लागली. डावा कान उशिरा उघडतो, हे मलाही माहीत नव्हतं.

शेवटी बाईनं विचारलं, "तुला यायचंय, की आईला यायचंय म्हणून येते आहेस?"

लेक क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मला यायचंय. पण भीती वाटते."

"छान. मग पहिल्या दिवशी पाराइसो. तिथे तळ आहे, 12-13 मीटरवर वाळू. पालांकारचं नंतर बघू, कदाचित या खेपेला नाहीच." आम्हां दोघींना एक वेगळा गाइड. परतीचं विमान कधी, हेही तिनंच विचारलं. रविवारी दुपारी, म्हटल्यावर तिनं शनिवारी सकाळनंतरच्या चौकटीवर फुली मारली. अनेक डाइव्ह केल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं. मग मी अडचणीच्या वेळी लागणाऱ्या ऑक्सिजनबद्दल विचारलं, तर ती उठली, मागच्या खोलीत नेलं, पेटी उघडली आणि काटा दाखवला. भरलेली होती. बोया तर आम्हां दोघींना एकेक देणारच म्हणाली.

दर तिन्हींत जास्त. तिथेच पैसे भरले. फळ्यावर तिनं लेकीचं नाव लिहिलं आणि पुढे 4 मांडला.

बुधवार संध्याकाळ

दोन दिवस पाणी बघत बसलोय. काल सकाळी सहालाच निरोप आला: नोर्ते सुटला आहे, बंदर बंद. हिवाळ्यात इथे उत्तरेकडून हा वारा येतो आणि बंदराचा कप्तान छोट्या होड्यांना बाहेर पडायची बंदी करतो. धक्क्यावर लाटा फुटून रस्त्यावर पाणी येत होतं.

मला मालवण आठवलं. माझं आजोळ तिथलं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मामा होडीकडे फिरकत नसे. पण बावटा उतरला तरी तो लगेच होडी पाण्यात लोटायचा नाही. वाळूत उभा राहून नुसता बघत राहायचा. शेजारच्या होड्या जायच्या. मामी आतून विचारायची, "गेले ना सगळे?" तो म्हणायचा, "जाऊंदेत." दोन मासे कमी मिळाले म्हणून मी त्याला कधी चिडलेलं पाहिलं नाही. माझी पहिली डाइव्हही मालवणचीच, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ. शिक्षकानं माझ्या सिलिंडरचं मानगूट शेवटपर्यंत सोडलं नव्हतं.

आज दुपारी वारा पडला, बंदर उघडलं, तीन-चार होड्या निघाल्याही. मी धावत दुकानात गेले. बाई म्हणाली, होडीला अजून फार हेलकावे आहेत, पाण्यातून शिडी धरताना नव्या मुलीचा हात चिरडेल. उद्या. मला वाईट वाटलं, सुट्टीचे दोन दिवस गेले. पण परत येताना मला मामाच दिसत होता.

गुरुवार रात्र

आज गेलो.

गाइड तिशीतला, कमी बोलणारा. होडीत त्यानं लेकीचा सिलिंडर उचलला, झडप जराशी उघडून हवा सोडली, नाकाशी नेऊन हुंगली. मग तोंडावरची काळी रबरी रिंग बोटानं काढली, उजेडात फिरवून बघितली, बाजूला ठेवून नवी बसवली. कुठे चीर होती असं मला तर दिसलं नाही. मग लेकीला म्हणाला, आता तुझं जॅकेट तू लाव, मी नुसता बघतो. तिचे हात थरथरत होते. पट्टा दोनदा चुकला. होडीतले सगळे तयार होऊन बसले होते, पण त्यानं तिला घाई केली नाही, आणि तांडेलही इंजिन बंद करून थांबून राहिला.

4 मीटरवर तिचा डावा कान अडला. गाइडनं तिला मीटरभर वर घेतलं, थांबवलं, स्वतःचं नाक धरून दाखवलं. पुन्हा खाली. पुन्हा अडला, पुन्हा वर. माझ्या घड्याळात पाच मिनिटं गेली. मग तिनं बोटांनी ओके केलं आणि आम्ही वाळूवर उतरलो.

पाणी किती स्वच्छ होतं ते कसं लिहू! 25-30 मीटरवरचा मासा डोळे मिटले तरी दिसेल असं. ओढ हलकी होती, मागून कुणीतरी अलगद ढकलत असल्यासारखी. एका प्रवाळाच्या कपारीपाशी गाइड थांबला, आत टॉर्च धरला. टोडफिश. काळपट डोक्यावर पांढरे पट्टे, हनुवटीला मिशा, आणि परांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या. हा मासा बहुतेक कोझुमेललाच सापडतो. लेक इतकी पुढे झुकली की गुडघा प्रवाळाला टेकणार होता. गाइडनं तिच्या सिलिंडरखाली दोन बोटं लावून तिला वितभर उचललं. 1996 पासून हा सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यान आहे, हातमोजेसुद्धा घालू देत नाहीत, घातले की हात लावायचा मोह होतो म्हणून. आणि प्रवाळाला आता धक्का सोसवत नाही. मधे एक रोग आला, दगडी प्रवाळ पांढरा पडून मरत होता, 2019 मध्ये दक्षिणेकडच्या जागा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. आम्ही ज्यावरून गेलो त्यातले काही ढेकूळ मेलेलेच होते, शेवाळ धरलेले.

लेकीची हवा माझ्या आधी 70 बार दाबावर आली. गाइडनं तिचा काटा बघितला, माझा बघितला, आणि अंगठा वर केला. ती खूण बघून माझ्या छातीत धस्स झालं. पण तो आमच्याबरोबरच निघाला. 5 मीटरवर सुरक्षेसाठी तीन मिनिटं तिघंही थांबलो, त्यानं बोयाचा दोर लेकीच्या हातात दिला, आणि नारिंगी बोया वर गेला तेव्हा होडीची सावली आमच्या डोक्यावर आधीच आलेली होती.

दुसरी डाइव्ह युकाबला. तिथे कान पहिल्याच झटक्यात उघडला.

संध्याकाळी लेकीला रविवारचं पान वाचायला दिलं. वाचून बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तू आलीच नसतीस. ती म्हणाली, "आले असते. पण त्या पहिल्या दुकानातून तुला मीच बाहेर काढलं असतं."

नंतर दोघी चालत दुकानात गेलो, भाड्याचा टॉर्च परत द्यायला. बाईनं फळ्यावरचा 4 अंगठ्यानं पुसला, 6 लिहिला. उद्या सकाळी आठ, पासो देल सेद्राल.