आमची वाटचाल: जहाजाच्या अलीकडचं आणि पलीकडचं

आमची फर्म क्रूझ विकत नाही; क्रूझच्या अलीकडचं आणि पलीकडचं विकते. विमानाची तिकिटं, जहाज सुटण्याच्या आदल्या रात्रीचं हॉटेल, बंदरापर्यंतची गाडी, लागतील ते व्हिसा, आणि सफर संपल्यावर माणूस बॅगांसकट विमानतळावर वेळेत पोचेल याची हमी. केबिन लोक स्वतःच आरक्षित करतात आणि मग विचारतात, "पण तिथवर जायचं कसं?" या प्रश्नावर आमचं, म्हणजे माझं आणि धाकट्या बहिणीचं, घर चालतं. मार्ग मी बघतो, हिशेब ती.

गिऱ्हाइकाला जहाज पाठ असतं. घसरगुंड्या किती, थिएटर केवढं, कुठल्या मजल्यावर काय, सगळं. ते कुठून सुटतं हे मात्र बऱ्याचदा आम्हीच सांगतो. शिवाय आज इथून सुटतंय म्हणून दोन वर्षांनी इथूनच सुटेल याचा भरवसा नाही. टर्मिनल, पार्किंग, हॉटेलं जागची हलत नाहीत. जहाज नांगर उचलतं आणि जातं. या जाण्यायेण्यामागचं गणित कळू लागलं तसा आमचा धंदा बेताबेतानं उभा राहिला.

आधी हे सांगायला हवं की वाटेवरचं बंदर आणि होम पोर्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाटेवरच्या बंदरात जहाज सकाळी लागतं, लोक गाव बघून येतात, संध्याकाळी भोंगा वाजतो. धक्का आणि बस उभ्या करायला जागा असली की भागतं. होम पोर्टला एक सफर संपते आणि त्याच दिवशी दुसरी सुरू होते. 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४ पासून मायामीहून सुटतं. एका केबिनमध्ये दोघं धरले तर त्याची क्षमता ५,६१० प्रवाशांची, आणि पूर्ण भरलं तर सुमारे ७,६००. तेवढी माणसं सकाळी उतरतात, साधारण तेवढीच दुपारपर्यंत चढतात. मधल्या काही तासांत हजारो बॅगा खाली येतात, हजारो वर जातात, केबिनी साफ होतात, आठवडाभराची रसद चढते, इंधन भरलं जातं, कचरा उतरतो, काही कर्मचारी बदलतात. इमिग्रेशनच्या खिडक्या कमी पडल्या किंवा रसदीचे ट्रक अडकले तर जहाज उशिरा सुटतं, आणि पुढचं बंदर गाठायला वेग वाढवावा लागतो. वेग थोडा वाढवला तरी इंधन त्याहून कितीतरी जास्त जळतं. म्हणून हा एक दिवस बिनघोर पार पाडणाऱ्या बंदराला कंपनी सहजासहजी सोडत नाही.

हा दिवस आपल्याकडे व्हावा म्हणून शहरं भांडतातसुद्धा. लिव्हरपूलनं २००७ मध्ये क्रूझ टर्मिनल बांधलं ते सरकारी अनुदानातून, आणि अट अशी की जहाजं फक्त भेटीला येतील, सफर तिथून सुरू करायची नाही. इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या साउथॅम्प्टन बंदराचं म्हणणं होतं की आम्ही स्वतःच्या पैशांतून उभे राहिलो, मग यांना अनुदान घेऊन आमचा धंदा का पळवू द्यायचा? शेवटी लिव्हरपूलनं सुमारे ८८ लाख पाउंड परत केले आणि २०१२ मध्ये सफरी तिथून सुटू लागल्या. या भांडणाला जुना इतिहास आहे. १९०७ मध्ये व्हाइट स्टार लाइननं न्यूयॉर्कची मुख्य सेवा लिव्हरपूलहून साउथॅम्प्टनला नेली, १९१९ मध्ये क्युनार्डही गेली. साउथॅम्प्टनहून लंडन जवळ, आणि इंग्लिश खाडी ओलांडली की फ्रान्समधले प्रवासीही घेता येत. व्हाइट स्टारच्याच टायटॅनिकच्या मागच्या बाजूला नोंदणीचं बंदर म्हणून नाव लिव्हरपूलचं होतं, पण ते जहाज लिव्हरपूलला कधी गेलंच नाही. प्रवासी जिथून सोयीनं चढेल तिथं जहाज जातं, हे तेव्हाही खरंच होतं.

आमच्या धंद्याची गोम बहिणीनं हिशेबाच्या वहीतून शोधली. ती प्रत्येक बंदरामागे आमचं सरासरी बिल लिहून ठेवायची. एकदा वही पुढ्यात टाकून म्हणाली, "दादा, आपलं बिल जिथं मोठं, तिथली जहाजं आधी जातात, बघ." मी हसलो. पण तिचं म्हणणं साधं होतं. प्रवाशाचा खिसा एकच. विमान, हॉटेल, गाडी यांत जितके जातील तितके केबिनसाठी कमी उरतात, आणि मग कंपनीला भाडं खाली आणावं लागतं. म्हणजे बंदर निवडताना कंपनी आमच्यासारख्यांचं बिलच मोजत असते. मायामीत विमानतळ आणि धक्का एकमेकांपासून थोड्या मिनिटांवर. आमचं बिल चिमुकलं, आणि जहाजांची रांग. अमेरिकेतल्याच गॅल्व्हस्टन किंवा बाल्टिमोरला तर बरेच लोक स्वतःची गाडी घेऊन येतात, बंदरावर उभी करतात आणि चढतात. तिथं आम्हाला काही कामच नाही. २०२१ मध्ये महासाथीनंतर जहाजं पुन्हा सुरू झाली तेव्हा विमानात बसायला लोक कचरत होते, आणि अशा बंदरांचा भाव वधारला.

गॅल्व्हस्टनचा शेजारी ह्यूस्टन. त्यांनी बेपोर्टला मोठं क्रूझ टर्मिनल बांधलं. २००८ मध्ये आइक वादळानं गॅल्व्हस्टन बंद पडलं तेव्हा जहाजं काही काळ तिथं गेली, पण टिकली नाहीत. पुढे २०१३ पासून दोन कंपन्या आल्या आणि २०१६ मध्ये निघून गेल्या. कारण नकाशात दिसतं. बेपोर्ट खाडीत आत आहे. खुल्या समुद्राला लागेपर्यंत जहाजाला अरुंद मार्गानं काही तास हळूहळू जावं लागतं, धुक्यात तर तेही अवघड. गॅल्व्हस्टन समुद्राच्या तोंडाशी. तिथं रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये १२.५ कोटी डॉलरचं टर्मिनल सुरू केलं. सात रात्रींच्या फेरीत हे वाया जाणारे तास म्हणजे एक बंदर कमी, नाहीतर एका बंदरातला मुक्काम आखूड.

पुलांचंही तसंच. फ्लोरिडातल्या टँपाला जायचं तर सनशाइन स्कायवे पुलाखालून जावं लागतं, आणि त्याची उंची पाण्यापासून सुमारे ५५ मीटर. आजची मोठी जहाजं त्याखालून जाऊच शकत नाहीत, म्हणून टँपा लहान आणि जुन्या जहाजांचं घर झालं. कॅनडातल्या व्हँकुव्हरला लायन्स गेट पूल सुमारे ६१ मीटरचा. अलास्काला जाणारी नवी मोठी जहाजं सिएटलहून सुटतात यामागे हाही पूल आहे.

सिएटल आमच्यासाठी महत्त्वाचं, कारण अलास्काच्या सफरींवर आमचा उन्हाळा चालतो. तिथं १८८६ चा अमेरिकी कायदा आडवा येतो: परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजानं अमेरिकेच्या दोन बंदरांदरम्यान प्रवासी नेऊ नयेत. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक अशीच. सिएटलहून निघून सिएटललाच परतायचं असेल तर वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून ही जहाजं कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात, कित्येकदा संध्याकाळी उशिरा आणि थोड्याच तासांसाठी. माणूस गाव न बघता केबिनमध्ये झोपून राहिला तरी जहाज कॅनडात शिरलेलं असतं, आणि ज्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो त्यांच्याकडे तो हवाच. हे आधी सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, "पण आम्ही तर अलास्काला चाललोय!" २०२१ मध्ये कॅनडानं आपली बंदरं बंद ठेवली तेव्हा अमेरिकी काँग्रेसला खास कायदा करून तात्पुरती सूट द्यावी लागली. नाहीतर सिएटलचा अख्खा मोसम बुडाला असता.

याच सिएटलला २०१९ मध्ये 'नॉर्वेजियन जॉय' आलं. हे जहाज २०१७ मध्ये खास चिनी प्रवाशांसाठी बांधलेलं, शांघायहून सुटायचं. त्याच वर्षी चीननं दक्षिण कोरियाला जाणाऱ्या गटसहली थांबवल्या. शांघायहून तीन-चार रात्रींत परत येण्याजोगी बंदरं मुळात थोडी, त्यातली कोरियाची गेली. दोन वर्षांत जहाजाची आतली मांडणी बदलली आणि ते अलास्काला लागलं. आमचं त्या मोसमातलं काम वाढलं. शांघायमध्ये आमच्यासारखंच काम करणाऱ्या एखाद्याचं तेवढंच घटलं असणार.

जाणाऱ्या जहाजाची सगळ्यात बोचरी गोष्ट अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबाइल नावाच्या शहराची. शहरानं कर्ज काढून टर्मिनल बांधलं, २००४ पासून कार्निव्हलचं जहाज तिथून सुटू लागलं आणि चांगलं भरतही होतं. तरी २०११ मध्ये कंपनी गेली. इंधन महागलं होतं, आणि तिकिटाला इतर बंदरांइतका भाव मिळत नव्हता. भरलेलं जहाजही जातं, हे त्या शहराला रिकाम्या टर्मिनलचे हप्ते फेडत शिकावं लागलं. २०१६ मध्ये कार्निव्हल परत आली खरी. मधल्या काळात धक्क्याभोवतीच्या छोट्या धंद्यांनी काय केलं असेल हा विचार मला अजून छळतो.

बाल्टिमोरला इंधनाची दुसरी गोष्ट घडली. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या पट्ट्यात जानेवारी २०१५ पासून फक्त ०.१ टक्का गंधक असलेलं, म्हणजे महाग इंधन चालणार होतं. फ्लोरिडाहून निघालेलं जहाज बहामाकडे वळून लवकर या पट्ट्याबाहेर पडतं. बाल्टिमोरच्या जहाजाला चेसापीकची लांबलचक खाडी आणि मग किनारा. कार्निव्हलनं २०१४ च्या अखेरीस तिथलं जहाज टँपाला हलवलं, आणि धूर धुणारी यंत्रं बसवून पुढच्या वर्षी परत आणलं. २६ मार्च २०२४ ला तिथला 'की ब्रिज' हा पूल कोसळून बंदराचा मार्ग अडला तेव्हा तिथली जहाजं तात्पुरती नॉरफोकला गेली, आणि कार्निव्हलनं परतलेल्या प्रवाशांना बसनं बाल्टिमोरला सोडलं. असं संकट कुणाच्याच करारात मावत नाही.

कधी बंदरच जहाजाला जा म्हणतं. व्हेनिसमध्ये जून २०१९ ला 'एमएससी ऑपेरा' धक्क्याला आणि एका पर्यटक बोटीला धडकलं, आणि ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना शहरातून जाणाऱ्या जुदेक्का कालव्यात बंदी आली. जहाजं मार्घेरा, त्रिएस्ते, रावेन्ना अशी पांगली. जाहिरातीत मात्र 'व्हेनिस' कायम. गिऱ्हाईक व्हेनिसमध्ये हॉटेल मागतं आणि जहाज रावेन्नाजवळ उभं असतं, रस्त्यानं दोन-अडीच तासांवर. आमचं बिल इथं सगळ्यात जाड. एका हॉटेलनं व्हेनिसच्या खोल्यांचे आगाऊ पैसे धरून ठेवले होते, ते मिळवायला बहिणीला फार पत्रं लिहावी लागली. अमेरिकेतल्या चार्ल्सटन बंदरानं २०२४ नंतर कार्निव्हलशी करार वाढवला नाही; धक्क्याच्या जागी दुसरंच काही करायचं ठरलं आहे. ॲमस्टरडॅमनं २०२६ पासून वर्षाला १०० जहाजांची मर्यादा ठरवली आहे.

उलट फ्लोरिडा आणखी पक्कं होत चाललंय. कंपन्यांनी बहामात स्वतःची बेटं आणि किनारे उभे केलेत. रॉयल कॅरिबियनचं 'कोकोके' २०१९ पासून नव्या रूपात, कार्निव्हलची 'सेलिब्रेशन की' जुलै २०२५ पासून. प्रवासी तिथं उतरला की त्याचा खर्चही कंपनीच्याच गल्ल्यात. आणि तिथं पोचायला मायामी, पोर्ट कॅनाव्हरल, फोर्ट लॉडरडेल सगळ्यात जवळ. अशा ठिकाणी आमच्या वाट्याला विमानाचं तिकीट आणि एका रात्रीची खोली, बस्स.

म्हणून आता आम्ही बंदर प्राधिकरणांच्या बैठकांची इतिवृत्तं वाचतो. ती सहसा जाहीर असतात, कंटाळवाणी असतात, आणि जहाज हलण्याची कुणकुण कंपनीच्या जाहिरातीआधी तिथं लागते: किती वर्षांचा करार, किमान किती प्रवाशांची हमी, टर्मिनलचं कर्ज कोण फेडणार. कंपनीनं स्वतःचे पैसे टर्मिनलात घातले असतील तर आम्ही तिथल्या हॉटेलशी तीन मोसमांचा करार करतो. शहरानं घातले असतील तर एकाच मोसमाचा. बार्सिलोनानं जुलै २०२५ मध्ये टर्मिनलं सातावरून पाचावर आणायचं ठरवलं, २०३० पर्यंत. तिथल्या हॉटेलचा कागद सध्या बहिणीच्या टेबलावर आहे. हॉटेलवाल्यांना पाच वर्षांची सही हवी आहे. ती एका वर्षापलीकडे जायला तयार नाही.