शुक्र झाडामागे लपवला आणि तो उजेड दिसला

संध्याकाळी पश्चिमेला शुक्र असा लखलखत असतो ना की दुसरीकडे बघायचं सुचतच नाही. माझंही वर्षानुवर्षं तेच चालायचं, शुक्र बघायचा, मग गुरू शोधायचा, मंगळ खरंच लालसर दिसतोय का ते बघायचं आणि खूश होऊन घरात यायचं. पण २०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटी जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून आज लिहायला बसले.

अमावास्या दोन दिवसांवर होती. मी आणि माझी एक मैत्रीण, दोघी शहराच्या दिव्यांपासून चांगल्या लांब गेलो होतो, तेही अशी जागा बघून की पश्चिमेच्या बाजूला कुठलं मोठं गाव नको. सूर्य मावळून सव्वा तास होऊन गेला होता, संधिप्रकाश पार संपलेला. शुक्र क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर होता (हात लांब केला की एक मूठ म्हणजे अंदाजे १० अंश, हे माप फार कामाचं आहे). त्या अंधारात तो इतका तेजस्वी होता की वहीच्या कोऱ्या पानावर बोटांची सावली पडत होती, पुसट, पण बोटं हलवली की हलत होती! साध्या दुर्बिणीतून बघितलं तर चंद्रासारखी बारीक कोर.

आणि मग मैत्रीण म्हणाली, "अगं, तिकडे खाली काहीतरी पांढरट दिसतंय, कुठल्यातरी शहराचा उजेड असणार."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण शहराचा उजेड पसरट असतो, क्षितिजाला चिकटून, आणि बहुतेक वेळा पिवळट. हे उभं होतं. बुडाशी रुंद आणि वर निमुळतं होत गेलेलं, रंग काहीच नाही, नुसतं धूसर दुधाळ. शुक्राच्या झगमगाटात नीट कळेना म्हणून आम्ही एका झाडाच्या खोडाआड अशा उभ्या राहिलो की शुक्र बरोबर त्याच्या मागे जाईल, आणि खरं सांगते, पाच मिनिटांत तो अख्खा शंकू आकाशात उमटला. थेट बघितलं की कडा हरवायच्या, नजर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली की पट्टा कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते लगेच कळायचं. वरचं टोक थेट कृत्तिकांपर्यंत पोचलं होतं.

याला झोडियाकल लाइट म्हणतात, मराठीत राशिचक्रीय प्रकाश. सूर्याभोवती ग्रह ज्या पातळीत फिरतात त्याच पातळीत बारीक धूळही पसरलेली आहे, आणि तिच्यावरून विखुरलेला सूर्याचा उजेड म्हणजे हा प्रकाश. खोलीत कवडसा आला की एरवी न दिसणारे धुळीचे कण चमकायला लागतात ना, तसंच, फक्त खोली म्हणजे अख्खी सूर्यमाला. सूर्याजवळ धूळ दाट, म्हणून शंकू क्षितिजाजवळ जास्त उजळ.

मला सगळ्यात भारी काय वाटलं सांगू का, त्या दिवशी शुक्र खाली, गुरू रोहिणीजवळ डोक्यावर आणि मंगळ पुढे पुनर्वसूच्या ताऱ्यांपाशी, असे तिघं एका कमानीत होते, आणि हा उजेडाचा पट्टा त्याच कमानीला धरून वर चढत होता. शुक्र तेवढा मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे, कारण तेव्हा तो क्रांतिवृत्ताच्या (वर्षभरात सूर्य आकाशात ज्या वाटेने सरकताना दिसतो त्या रेषेच्या) बराच उत्तरेला होता. सूर्यमाला ताटलीसारखी चपटी आहे हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं, पण त्या ताटलीच्या आत उभं राहून तिची कड डोळ्यांनी बघता येते, दुर्बीण न लावता, हे मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं. ग्रह म्हणजे त्या कडेवरचे ठिपके आणि मधे ही धूळ.

१६८३ मध्ये कॅसिनीने याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला, शनीच्या कड्यांमधली फट ज्याच्या नावाने ओळखतात तोच हा कॅसिनी. आणि क्वीन बँडचा गिटारिस्ट ब्रायन मे, त्याची पीएचडी याच धुळीवर आहे! सत्तरच्या दशकात गाण्यापायी अर्धवट सोडलेलं काम त्याने २००७ मध्ये इंपीरियल कॉलेज लंडनमधून पूर्ण केलं, धुळीचे कण किती वेगाने फिरतात याचं मोजमाप होतं ते. तीस-पस्तीस वर्षांनी परत त्याच धुळीकडे वळणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

अजून एक गोष्ट, ही धूळ कायमची नाही. सूर्यप्रकाशाच्या परिणामामुळे कणांची गती हळूहळू कमी होत जाते आणि ते गोल गोल फिरत सूर्याकडे सरकतात, म्हणजे नवी धूळ येत राहिली नाही तर हा उजेड कधीच विझला असता. ती भर घालतात धूमकेतू आणि एकमेकांवर आपटणारे लघुग्रह.

बघायचं असेल तर उत्तर गोलार्धात फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी पश्चिमेला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहाटे पूर्वेला, कारण तेव्हा क्रांतिवृत्त क्षितिजावर जास्त उभं असतं. दक्षिण गोलार्धात नेमकं उलट. विषुववृत्ताजवळ राहणाऱ्यांची चैन आहे, त्यांना जवळजवळ वर्षभर संधी. चंद्र अजिबात नको, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं द्या, मधे मोबाईल बघितलात की परत पहिल्यापासून (आमचं एकदा झालंच तसं). पहाटेच्या प्रकाशाला अरबीत 'खोटी पहाट' अशा अर्थाचा शब्द आहे, खरं तांबडं फुटायच्या कितीतरी आधी पूर्व उजळल्यासारखी वाटते म्हणून.

त्या रात्री शुक्र मावळेपर्यंत थांबलो. त्याच्याबरोबर शंकूचा खालचा उजळ भागही गेला, वरचं टोक मात्र बराच वेळ कृत्तिकांखाली रेंगाळत होतं. शुक्राचं चक्र आठ वर्षांनी जवळजवळ तसंच्या तसं परत येतं, म्हणजे २०३३ च्या फेब्रुवारीअखेर तो पुन्हा साधारण याच जागी असेल, आणि अमावास्याही १ मार्चच्या आसपास आहे. गुरू-मंगळ तेव्हा तिथे नसणार, पण चालेल. मैत्रिणीला तारीख आत्ताच सांगून ठेवलीये, त्याच झाडापाशी जायचंय.