कार्ड बंद करण्यासाठीची परवड

सांगलीला आमच्या घरी वडिलांच्या नावे एक क्रेडिट कार्ड होते. निवृत्तीनंतर त्याचा वापर थांबला, सर्व देणी फेडून झाली आणि कार्ड बंद करण्याचा लेखी अर्जही त्यांनी पाठवला. तरीही पुढच्या बिलात वार्षिक शुल्क आणि त्यावरील 18 टक्के जीएसटी लागून आला. विश्रामबागच्या शाखेने कार्डाचा विभाग वेगळा असल्याचे सांगून हेल्पलाइनचा क्रमांक हातात दिला. वडिलांना कमी ऐकू येते. फोन स्पीकरवर ठेवून, खिडकीच्या उजेडात कार्ड धरून ते पुसट झालेले आकडे एकेक करून दाबत, आणि कार्ड बंद करण्याचा विषय निघताच पलीकडचा प्रतिनिधी नवी सवलत ऐकवू लागे किंवा फोन दुसऱ्या विभागाकडे वळवी, जिथे सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागे. वयस्कर माणसाला असे ताटकळत ठेवणे मला अक्षम्य वाटते.

रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती कामकाजाच्या 7 दिवसांत पूर्ण करावी लागते. अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसामागे बँकेने ग्राहकाला 500 रुपये दंड द्यायचा असतो. हेल्पलाइनवर हे आम्हाला कोणीही आपणहून सांगितले नाही. या तरतुदीचा उल्लेख करून तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल पाठवल्यावर कार्ड बंद झाले, शुल्कही मागे घेतले गेले. दंडाबद्दल मात्र अवाक्षर नाही. तक्रारीला 30 दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. तो अर्ज वडिलांच्या सहीनिशी तयार आहे.