डिजिटल हक्कांची इंटर्नशिप, साताऱ्यात बसून

साताऱ्यात लॉच्या विद्यार्थ्याची इंटर्नशिप म्हणजे जिल्हा न्यायालयात ओळखीच्या वकिलांकडे जायचं, तारखा लिहून घ्यायच्या, नकलेचे अर्ज करायचे आणि शेवटी सही-शिक्का घ्यायचा. त्यात वाईट काही नाही, रोजनामा, म्हणजे खटल्यात रोज काय झालं त्याची न्यायालयीन नोंद, वाचायला मी तिथंच शिकले. पण मला नागरी हक्क आणि तंत्रज्ञान या विषयात काम करायचं होतं. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन, एसएफएलसी डॉट इन, सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी अशा संस्था दिल्ली-बंगळुरूच्या, आणि आमच्या वर्गात ही नावं कुणी घेत नव्हतं. दिल्लीतल्याच एका संस्थेत घरबसल्या इंटर्नशिप मिळाली, ती कशी, ते लिहिते.

आधी नियम. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. स्वयंसेवी संस्थेतलं काम यात धरलं जातं. कॉलेजच्या ऑफिसात कुणी शंका काढली तर नियमाची प्रिंट पुढे ठेवा, वाद तिथंच मिटतो.

अर्जाला सीव्ही, पत्र आणि लेखनाचा नमुना लागतो. खरी कसोटी नमुन्याची. बहुतेक जण पुट्टस्वामी निकालाचा सारांश पाठवतात. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला, हे त्या संस्थांना आपण काय सांगणार? मीही काय लिहावं या विचारात होते. संविधान शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "अगं, आपल्याच जिल्ह्यात नेट बंद होतं की. त्यावर कुणी लिहिलंय का बघ."

सप्टेंबर २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या मजकुरावरून खटाव तालुक्यात पुसेसावळीला दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर जिल्ह्यात इंटरनेट बंद केलं गेलं. माझ्या मामांचं कोरेगावला ई-सेवा केंद्र आहे. दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आधारची कामं सगळी अडली. माणसं येत होती आणि परत जात होती. मामा म्हणायचे, "दंगा कुठं, आणि कुलूप कुठं!" पण अफवा पसरून आणखी कुणाचा जीव गेला असता तर, हाही प्रश्न खरा आहे आणि तो झटकून लिहिणं मला पटत नव्हतं. मला कायद्याचा प्रश्न पुढचा वाटला. बंदी किती भागात, किती वेळ, कुणाच्या सहीनं, आणि तो आदेश लोकांना वाचायला मिळाला का?

त्याची उत्तरं सापडतात. तेव्हा लागू असलेल्या नेटबंदीच्या २०१७ च्या नियमांनुसार राज्यात असा आदेश गृह विभागाच्या सचिवांनी काढायचा, त्यात कारणं द्यायची, आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तो पाच कामकाजाच्या दिवसांत तपासायचा. काश्मीरमधल्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध झालेच पाहिजेत, नाहीतर माणूस त्यांना आव्हान देणार कसं? बंदी प्रमाणात असावी, अनिश्चित काळाची नसावी, हेही त्याच निकालात आहे. हे सगळं मी कोरेगावच्या केंद्राशी जोडून लिहिलं. इंग्रजी साधंच ठेवलं. पाठवण्याआधी मॅडमनी विशेषणं काढायला लावली आणि प्रत्येक विधानापुढं परिच्छेद क्रमांक टाकायला लावला.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर झाली. नमुन्यावर थोडं बोलून त्यांनी एकदम विचारलं, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा तुमच्या गावातल्या माणसाला काय फरक पडेल? मी त्यातलं कलम ४४(३) धरलं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(j) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारण्याला अटी होत्या. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा विनाकारण खासगीपणात घुसखोरी होत असेल तरच ती नाकारता यायची, आणि व्यापक जनहित असेल तर द्यावीच लागायची. त्या अटी कलम ४४(३) ने काढल्या. जनहिताचा आधार आता कलम ८(२) मध्येच उरला आहे. मी म्हटलं, घरकुल कुणाला मिळालं, रोजगार हमीच्या मस्टरवर कुणाची नावं आहेत, हे गावात कुणी विचारलं तर "वैयक्तिक माहिती" म्हणून दार लावणं सोपं होईल. नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागूही झाला आहे. खासगीपणाचा हक्क सरकारपासून नागरिकाला वाचवण्यासाठी आहे, आणि त्याच हक्काच्या नावानं सरकारी कागद झाकले जावेत, याचा मला मनापासून राग येतो. तो रागही मी बोलून दाखवला. चालला.

कामाबद्दल सांगायचं तर न्यायालयातलं नाट्य त्यात अजिबात नाही. नेटबंदीचे आदेश गोळा करायचे, तारखा-तास-तालुके तक्त्यात भरायचे, सुटलेली माहिती माहिती अधिकारात मागायची. माझं मराठी इथं उपयोगी पडलं. महाराष्ट्रातले आदेश आणि उत्तरं मराठीत असतात. "उपरोक्त विषयास अनुसरून"पासून "सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे"पर्यंतची ती भाषा भाषांतराच्या यंत्राला नीट कळत नाही; तलाठी कार्यालयात वाढलेल्या आपल्या मुलांना कळते. शिवाय आपल्या राज्यात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत लागतो. इथं लांबलचक प्रश्नावली पाठवली तर अर्ज त्याच कारणावर परत येऊ शकतो. मी अर्ज तोडून, एकेक मुद्दा वेगळा करून मराठीत लिहिले, प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एका कार्यालयाचं उत्तर आलं, "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." त्यावर वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं.

अर्ज करताना मानधनाचं सरळ विचारा. पैसे मिळणार नसतील आणि दिल्लीत खोली घेऊन राहायचं असेल तर ही संधी फक्त पैसेवाल्या घरातल्या मुलांची होते, आणि हे संस्थांनाही कळायला हवं. घरून काम करता येईल का, हे मी पहिल्याच मेलमध्ये विचारलं होतं.

बार कौन्सिलच्या त्याच नियमांत आणखी एक अट आहे, शिक्षण संपेपर्यंत एकदा तरी खटला चालवणाऱ्या आणि अपिलं लढवणाऱ्या वकिलांकडे काम केलेलं असावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसतं, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. म्हणजे इथल्या नेटबंदीच्या आदेशाला आव्हान द्यायचं तर आता मुंबई गाठायला नको. माझा पुढचा अर्ज कोल्हापुरात रिट याचिका (सरकारी आदेशाला उच्च न्यायालयात दिलेलं थेट आव्हान) चालवणाऱ्या एका वकिलांकडे गेलाय, नमुना म्हणून या वेळी ते पहिलं अपील जोडलंय.