‘अबाउट’ कुठे नको, ‘टू’ कुठे हवा

‘वुई डिस्कस्ड अबाउट द बजेट’ या वाक्यात ‘अबाउट’ नको. ‘ही एक्सप्लेन्ड मी द रूल’ यात ‘मी’च्या आधी ‘टू’ हवा, आणि दोन्ही शेवटी: ‘ही एक्सप्लेन्ड द रूल टू मी’. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. आपण मराठी प्रत्यय इंग्रजीत उतरवायला जातो: ‘बजेटविषयी’ म्हणून ‘अबाउट’, ‘मला’ म्हणून नुसतं ‘मी’. पण कुठलं प्रिपोझिशन येणार, की येणारच नाही, हे त्या त्या क्रियापदाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

मराठीतही हेच चालतं, फक्त सवयीने जाणवत नाही. आपण मित्राला भेटतो, मित्राशी बोलतो, मित्रावर चिडतो आणि कुत्र्याला घाबरतो. हिंदीत भेटणं, बोलणं, घाबरणं या तिन्हींना एकच ‘से’ पुरतो, म्हणून नव्याने मराठी शिकणारा हिंदीभाषक ‘मी त्याच्याशी भेटलो’ म्हणून जातो. इंग्रजी बोलताना आपण नेमके त्याच्या जागी असतो. कुत्र्याला घाबरणं तिथे ‘अफ्रेड ऑफ’ होतं, माणसावर चिडणं ‘अँग्री विथ’. कुणाशी लग्न झालेलं असणं ‘मॅरीड टू’. गाणं आपण थेट ऐकतो, इंग्रजीत ‘लिसन’ला ‘टू’ लागतो. उलट आपण पुण्याला पोचतो, म्हणून ‘रीच्ड टू पुणे’ तोंडात येतं. हवं नुसतं ‘रीच्ड पुणे’.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एकाच शब्दाच्या नाम आणि क्रियापद अशा दोन रूपांमुळे. ‘अ डिस्कशन अबाउट द बजेट’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘द डिमांड फॉर हायर पे’, ‘एम्फसिस ऑन ग्रामर’ हे सगळं बिनचूक आहे, कारण इथे ते शब्द नामं आहेत. क्रियापद झालं की प्रिपोझिशन गळतं: ‘डिस्कस द बजेट’, ‘रिक्वेस्ट लीव्ह’, ‘डिमांड हायर पे’, ‘एम्फसाइज ग्रामर’. नामाची सवय क्रियापदाला चिकटते आणि रजेच्या अर्जात ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ उतरतं. ‘फॉर’ ठेवायचाच असेल तर क्रियापद बदला: ‘आस्क फॉर लीव्ह’. तसंच ‘टॉक अबाउट द बजेट’.

आता क्रियापदाला दोन नामं लागतात तेव्हा. ‘गिव्ह’, ‘सेंड’, ‘टेल’ यांच्यामागे माणूस थेट येतो: ‘गिव्ह मी द की’. ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘डिस्क्राइब’, ‘से’ यांना ते चालत नाही. तिथे आधी वस्तू, मग ‘टू’ आणि माणूस: ‘ही सजेस्टेड अ हॉटेल टू मी’. ‘रॉब’ आणि ‘स्टील’ची जोडीही पाठ करण्यासारखी आहे. ‘रॉब’चं कर्म म्हणजे लुटला गेलेला माणूस किंवा लुटलेली जागा, ‘स्टील’चं कर्म म्हणजे चोरलेली वस्तू: ‘दे रॉब्ड हिम ऑफ हिज मनी’, पण ‘दे स्टोल मनी फ्रॉम हिम’.

‘लुक ॲट’ आणि ‘स्विच ऑफ’ वरून सारखेच दिसतात. फरक ओळखायला नामाच्या जागी ‘इट’ घालून पाहा. ‘लुक ॲट इट’ होतं, ‘लुक इट ॲट’ कधीच नाही. म्हणजे ‘ॲट’ खरं प्रिपोझिशन. दिव्याचं मात्र ‘स्विच ऑफ द लाइट’ आणि ‘स्विच द लाइट ऑफ’ दोन्ही चालतं, पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘स्विच इट ऑफ’. कानालाही फरक कळतो. ‘ऑफ’वर जोर पडतो, ‘ॲट’ हलकेच उच्चारतात. असा ‘अप’ कधीकधी आपल्या ‘टाक’चं काम करतो: ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवून टाक. हा धागा पकडला की अशा कित्येक जोड्या अनोळखी वाटत नाहीत.

‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ही प्रिपोझिशनच. ‘लुक फॉरवर्ड टू इट’ म्हणता येतं ना? मग पुढे ‘मीट’ नाही, ‘मीटिंग यू’ हवं.

प्रश्नात प्रिपोझिशन हरवतं, कारण मराठीत प्रत्यय प्रश्नार्थक शब्दालाच चिकटतो: कुणाशी, कशाची. इंग्रजीत ते बहुधा मागेच राहतं: ‘हू आर यू टॉकिंग टू?’, ‘विच बस आर यू वेटिंग फॉर?’ आधी मनात विधान करा, ‘आय ॲम वेटिंग फॉर द बस’, मग प्रश्न करा. ‘फॉर’ जागचा हलत नाही.

वहीत नुसतं क्रियापद आणि मराठी अर्थ लिहून यातलं काही हाती लागत नाही. माणसाची आणि वस्तूची जागा दाखवून लिहा: ‘एक्सप्लेन समथिंग टू समवन’. जपानमध्ये इंग्रजी शिकवताना ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसोबत याच गरजेतून क्रियापदांचे साचे नोंदवणारा कोश केला, तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. आजच्या विद्यार्थी-कोशांतही अशा नोंदी असतात, अर्थाइतक्याच काळजीने त्या वाचा. काही क्रियापदांना दोन ओळी लागतील. ‘प्रोव्हाइड’समोर ‘समवन विथ समथिंग’ आणि त्याखाली ‘समथिंग फॉर समवन’. ‘एंटर’समोर ‘अ रूम’, आणि खाली, करारासाठी, ‘इनटू ॲन ॲग्रीमेंट’.