पंधरा वर्षांची गाडी: ठेवायची की काढायची?

गाडी जुनी झाली की बहुतेक जण आधी इंजिन ऐकतात. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत वर्षं काढलेल्या माझ्या २०१० च्या पेट्रोल वॅगनआरला मी आधी रॅम्पवर चढवलं. इंजिन खोलून, सुटे भाग बदलून पुन्हा बांधून मिळतं, सडलेली बॉडी नाही.

दारांखालचे पट्टे, मागच्या चाकांच्या कमानी, पुढचे शॉकअप बॉडीला बसतात ती जागा आणि मॅटखालचा फ्लोअर, सगळीकडे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आला तर टोकाने दाबायचं. वरून काळं कोटिंग छान दिसतं आणि टोक सरळ आत जातं. शॉकअपच्या माउंटिंगला पत्रा गेला असता तर मी पुढचं काही तपासलंच नसतं, कारण चाकाचा सगळा मार तिथे बसतो. माझ्याकडे गंज निघाला डाव्या पुढच्या सीटसमोर, पाय ठेवायच्या जागी. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते मॅटखाली मुरतं. आधी नळी साफ, मग पॅच. उलटं केलं तर पॅचही सडतो.

इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, करून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा. सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघायचं: आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सकाळी स्टार्ट करताना क्षणभर निळा धूर येत असेल तर बहुधा व्हॉल्व्ह सील. तेवढ्यासाठी इंजिन उतरवायला लावणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करावा.

हिशोब सोपा आहे. सहा लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १२,४५० रुपये, म्हणजे वर्षाला दीड लाख. पॅच, क्लच, टायर, बॅटरी, सस्पेन्शनचा लोअर आर्म हे सगळं त्याच्या निम्म्यात बसत होतं, म्हणून गाडी ठेवली.

मग आरटीओ. नोंदणीची मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरायचा. फी ५,००० रुपये, नोंदणी पाच वर्षांसाठी वाढते. उशीर झाला तर महिन्याला ५०० जादा. पर्यावरण कर वेगळा. विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लागते. खरी अडचण येते ती बोज्याची: कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ते आधी काढा. चेसिस नंबर गंजाने पुसट झाला असेल तर कापडाने आणि तेलाने साफ करा. ग्राइंडर अजिबात नाही, खाडाखोडीचा संशय येतो.

आणि काढायचीच ठरली तर गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातून डिपॉझिट सर्टिफिकेट (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करा, नाहीतर कागदोपत्री मालक तुम्हीच.